दहा वर्षांचा शब्द

मुलींच्या बालगृहाच्या कार्यालयात मी एकवीस वर्षं काम केलं. हिशेब लिहायचे, शासनाचे अहवाल तयार करायचे आणि परदेशी पत्रव्यवहार सांभाळायचा. न्यूझीलंडमध्ये क्राइस्टचर्चजवळच्या एका लहानशा ख्रिस्ती मंडळीशी आमचा संबंध जडला, त्यातली जवळजवळ सगळी पत्रं माझ्या टेबलावरून गेली. त्यामुळे असं नातं कशानं जुळतं आणि कशानं दुखावतं, हे मी जवळून पाहिलं आहे.

महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती माणसाला या विषयात पंडिता रमाबाई आठवतातच. १८८७च्या डिसेंबरात बॉस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. अमेरिकेतल्या माणसांनी दहा वर्षं मदत करण्याचं वचन दिलं आणि त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडलं. तिथे शिकायला आलेली बालविधवा गोदूबाई म्हणजेच पुढच्या आनंदीबाई कर्वे. पुढे केडगावला दुष्काळातल्या मुलींसाठी रमाबाईंचं मुक्ती सदन उभं राहिलं, तेव्हा ‘मुक्ती प्रेअर बेल’ नावाचं पत्रक तिथल्याच छापखान्यातून निघून देशोदेशीच्या प्रार्थना करणाऱ्यांकडे जायचं. या सगळ्यात मला ती दहा वर्षांची मुदत फार महत्त्वाची वाटते. आठ वर्षांची पोर शिकून पायावर उभी राहायला साधारण तेवढा काळ लागतो. नाताळाला उचंबळून दिलेले पैसे तिला एक स्वेटर देतात. शिक्षण पुरं होतं ते कुणीतरी दहा वर्षं शब्द पाळला तर.

आमच्या नात्याची सुरुवात चांगली नव्हती, आणि त्यात माझा हात होता. तिकडच्या प्रत्येक कुटुंबाला एकेक मुलगी ‘दिलेली’ असे. तिचा फोटो आणि तिची हकिकत मी लिहून पाठवायची. बापाचं दारूपायी काय झालं, आई कशी गेली, सगळं. हकिकत जितकी करुण तितकी मदत लवकर येते, असं मला वाटे. एकदा सातवीतल्या एका मुलीच्या हाती तिचाच कागद लागला. ती माझ्या टेबलापाशी बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, “ताई, माझ्या आईचं त्यांना का सांगितलंत?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. तो प्रश्न आजही माझ्याजवळ आहे. पुढे २०१५च्या बाल न्याय कायद्यानं अशा मुलांची ओळख उघड करायला मनाई केली, तेव्हा आमच्यातल्या काहींना ती अडचण वाटली. मला हायसं वाटलं.

त्या मंडळीतल्या एक वृद्ध बाई मात्र पहिल्यापासून वेगळं लिहीत. त्या मुलींना दुःखाचं काही विचारत नसत. कोणतं झाड फुललं, गणिताच्या नव्या बाई कशा आहेत, एवढंच विचारत. एका पत्राच्या शेवटी त्यांनी लिहिलं, की माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे, मला भीती वाटते, माझ्यासाठी प्रार्थना कराल का? त्या संध्याकाळची प्रार्थना मी विसरणार नाही. इतकी वर्षं मुली उपकारकर्त्यांसाठी पाठ केलेलं म्हणत होत्या. त्या दिवशी पहिलीतली पोर हात जोडून म्हणाली, “प्रभू, आजीचा गुडघा.” पुढे कितीतरी दिवस पोस्टमन दिसला की मुली विचारायच्या, आजी चालायला लागली का?

मग २२ फेब्रुवारी २०११ला क्राइस्टचर्चला भूकंप झाला. १८५ माणसं गेली. त्या मंडळीतली माणसं वाचली, पण त्यांचं चर्च वापरण्याजोगं राहिलं नाही आणि उपासना एका शाळेच्या हॉलमध्ये भरू लागली. जून-जुलै म्हणजे त्यांचा हिवाळा, हे मोठ्या मुलींनी भूगोलाच्या पुस्तकातून शोधून काढलं, आणि गोधडी शिवायचं ठरलं. मुलींना सांभाळणाऱ्या मावश्यांनी जुनी लुगडी दिली. दीड महिना रोज संध्याकाळी व्हरांड्यात टाके पडत होते. काही वाकडे होते, आणि ते उसवायचे नाहीत असं मुलींनीच ठरवलं. टपालखर्चासाठी आमच्या गावच्या मंडळीनं एका रविवारचं दान दिलं. पाळकसाहेबांनी ते जाहीर केलं तेव्हा शेतमजुरी करणाऱ्या बायांनी पदराच्या गाठी सोडल्या. दोन महिन्यांनी फोटो आला. हॉलच्या भिंतीवर गोधडी टांगलेली आणि तिच्याखाली कोट घालून बसलेली माणसं. घेणारे ते आणि देणाऱ्या आम्ही, असा तो आमच्याकडचा पहिला फोटो.

त्यानंतर बोलणं सोपं झालं. दरवर्षी तिकडून नवनवे तरुण दोन आठवडे यायचे, लहानग्यांना कडेवर घ्यायचे, आणि ते गेल्यावर पोरी रात्री रडायच्या, हे आम्ही त्यांना कधी सांगितलं नव्हतं. आता सांगितलं. त्यांना वाईट वाटलं, पण त्यांनी ऐकलं. मग दोन वर्षांनी एकदा तेच तिघे-चौघे येऊ लागले. ते स्वयंपाकघरात मावश्यांबरोबर भाजी निवडत, पंप दुरुस्त करत, आणि मुलींना वाटलं तर मुलीच त्यांच्याजवळ येत.

कागदोपत्री नातं अवघडच होत गेलं. परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या २०२०च्या दुरुस्तीनंतर परदेशातला पैसा आधी नवी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो, आणि तो दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही. नियम पाळणं आमचं कर्तव्य, ते आम्ही पाळतो.

त्याहून अवघड होतं ते त्यांना आमची घटलेली पटसंख्या समजावणं. संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, असं कायदाच मानतो, आणि इतकी वर्षं इथे काढल्यावर मीही तेच मानते. आजी, मामा, मावशी सांभाळायला तयार असेल आणि फक्त गरिबी आड येत असेल, तर पोरीनं आमच्याकडे का राहावं? बालकल्याण समितीच्या आदेशानं एकेक मुलगी घरी जाऊ लागली. खाटा रिकाम्या होऊ लागल्या. ज्या मंडळीनं त्या खाटांसाठी पैसे दिले होते, तिला हे कसं लिहावं, या काळजीत मी तीन मसुदे फाडले. शेवटी साधं लिहिलं. नाव न देता कळवलं की दहा वर्षांची एक मुलगी तिच्या आजीकडे परत गेली. शाळेची फी लागेल, पण खाट लागणार नाही.

उत्तर आठवड्यात आलं. फीचं एका ओळीत मिटलं होतं. बाकी पत्रभर त्या आजीची चौकशी होती. तिचं वय काय, पावसाळ्यात घर गळतं का, नातीला शाळेत सोडायला ती चालत जाते का, आणि तिचे गुडघे कसे आहेत.