वेरूळच्या वाटेवर देवलदेवी

वेरूळ म्हटलं की कैलास लेणं आठवतं, घृष्णेश्वर आठवतो, भोसल्यांची पाटीलकी आठवते. याच डोंगराच्या परिसरात सातशे वर्षांपूर्वी एक मुलगी पळवली गेली आणि त्या प्रकरणात दिल्ली, गुजरात व देवगिरी ही तीन राज्यं गुंतली होती, हे मात्र आपल्याकडे फारसं सांगितलं जात नाही.

१२९९मध्ये अलाउद्दीन खिलजीच्या फौजेनं गुजरात जिंकलं. राजा कर्ण वाघेला निसटला. राणी कमलादेवी पकडली जाऊन सुलतानाच्या जनान्यात गेली. धाकटी मुलगी देवलदेवी बापाजवळ राहिली. पुढे कमलादेवीनं तिला मागितलं, असं कवी अमीर खुस्रो लिहितो. त्याच्या हिशेबानं मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती. इकडे बागलाणात आसरा घेतलेल्या कर्णाला देवगिरीच्या रामचंद्र यादवाची मदत हवी होती. इतिहासकार फिरिश्ता सांगतो की यादवांच्या घरी मुलगी देणं कर्णाला कमीपणाचं वाटे, पण गळ्याशी आल्यावर तो तयार झाला. रामचंद्राच्या मुलासाठी, शंकरदेवासाठी, तिची पाठवणी झाली.

पुढचा प्रसंग वेरूळचा. अलाउद्दीनचा सरदार अलपखान याच्या छावणीतले सुमारे तीनशे शिपाई लेणी पाहायला गेले होते. समोरून येणारी देवगिरीची तुकडी त्यांना शत्रूची चाल वाटली. झटापट झाली, देवलदेवीच्या घोड्याला बाण लागला आणि ही कोण आहे ते तिच्या दासींच्या आक्रोशातून कळलं. सुलतानाच्या रोषाला भिऊन तिच्या शोधात हैराण झालेल्या अलपखानाच्या हाती ती अशी अवचित लागली. दिल्लीत पुढे तिचं लग्न अलाउद्दीनचा मुलगा खिज्रखान याच्याशी झालं.

कन्हैयालाल मुनशींसारख्यांनी ही कथाच कल्पित ठरवली आहे. वेरूळचा तपशील देणारा फिरिश्ता तीनशे वर्षांनंतरचा, तेव्हा त्या तपशिलाबद्दल सावध राहायलाच हवं. पण खुस्रो दरबारातलाच होता, आणि त्यानं या प्रकरणावर काव्य रचायला घेतलं तेव्हा खिज्रखान हयात होता. सगळंच त्यानं मनानं रचलं असेल, हे मला पटत नाही.

मला खटकतं ते हे प्रकरण सांगण्याची आपली रीत. कुणी ते प्रेमकथा म्हणून सांगतं, कुणी राजपुतांच्या अब्रूची कथा म्हणून. आठ वर्षांच्या मुलीला हत्यारबंद माणसांनी उचलून नेलं, यात प्रेमकथेची सुरुवात शोधणं मला क्रूर वाटतं. आणि अब्रूची कथा म्हणावी, तर बापानंही तिला लष्करी मदतीच्या मोबदल्यातच देऊ केलं होतं. शिपाई आडवे आले नसते तर ती देवगिरीला पोचली असती. तिथंही तिची मर्जी कुणी विचारली नसती. दरबारांचा हिशेब वेगळाच होता. रामचंद्रानं दिल्लीची खंडणी थकवली होती, कर्णाला पाठीशी घातलं होतं. १३०७च्या सुमारास अलाउद्दीनचा सेनापती मलिक काफूर देवगिरीवर चालून आला, त्यानं रामचंद्राला कैद करून दिल्लीला नेलं. तिथं त्याचा सन्मान झाला, ‘रायरायान’ हा किताब मिळाला, राज्यही परत मिळालं. दोन्ही दरबारांचं जमलं. मुलीला परत करण्याचा विषय त्या तहात कुठंही दिसत नाही.

आपल्या काळातही ओलिसाची गत फार निराळी नाही. फेब्रुवारी १९८४मध्ये बर्मिंगहॅमच्या भारतीय वकिलातीतले रवींद्र म्हात्रे पळवले गेले, काश्मिरी फुटीरतावादी मकबूल बटच्या सुटकेची मागणी झाली, म्हात्र्यांचा खून झाला आणि ११ फेब्रुवारीला बटला फाशी दिलं गेलं. सरकारनं झुकायला नको होतं, हे मला मान्य आहे. पण त्या आठवड्याचा इतिहास आपण भारत, ब्रिटन आणि काश्मीर यांच्या संदर्भात वाचतो. म्हात्रे पुलावरून पुण्यात रोज हजारो माणसं जातात. त्यातल्या कितींना हे म्हात्रे कोण ते सांगता येईल?

देवलदेवीला तर पूलही नाही. सत्तेच्या भांडणात खिज्रखानाचे डोळे काढले गेले. पुढे गादीवर आलेल्या मुबारकशाहानं ग्वाल्हेरच्या कैदेतल्या या भावाकडे निरोप धाडून तिलाच मागितलं, असं खुस्रो सांगतो. खिज्रखानानं नकार दिला आणि १३१८मध्ये तो मारला गेला. त्या मागणीवर तिचं म्हणणं काय होतं, हे विचारायला निरोप्या तिच्याकडे गेलाच नव्हता.