खिडकीतून न दिसणारी रेषा



इफिससपर्यंतच्या माझ्या लांबच्या प्रवासाचा पहिला टप्पा मी आगगाडीने केला. पॅरिस, स्ट्रासबुर्ग, म्युनिक, व्हिएन्ना, बुडापेस्ट आणि पुढे इस्तंबूल. ‘फादर, विमानाने चार तासांत पोहोचला असता,’ असे अनेकांनी मला सुनावले. ते खरेच आहे. पण मला मधला मुलूख पाहायचा होता.

पॅरिसच्या गार द लेस्त स्थानकात एक भव्य चित्र आहे. ऑगस्ट १९१४ मध्ये युद्धावर निघालेले सैनिक गाडीत चढत आहेत आणि मध्यभागी एक तरुण हात उंचावून उभा आहे. आल्बर्ट हर्टर या अमेरिकन चित्रकाराने हे चित्र १९२६ मध्ये फ्रान्सला भेट दिले. तो तरुण म्हणजे त्याचाच मुलगा. तो १९१८ मध्ये फ्रान्समध्ये लढताना मारला गेला होता. त्याच स्थानकावरून आज विद्यार्थी आणि पर्यटक जर्मनीला जातात.

स्ट्रासबुर्ग सोडले की ऱ्हाइन नदी लागते. अलीकडे फ्रान्स, पलीकडे जर्मनी. १८७१ ते १९४५ या काळात स्ट्रासबुर्गचा देश चार वेळा बदलला. २०१७ पासून तिथली ट्राम नदी ओलांडून पलीकडच्या केल गावी जाते आणि लोक बाजारहाट करून घरी परततात. मी खिडकीतून सीमेची रेषा शोधत होतो. नदी दिसली, शेते दिसली, रेषा काही दिसली नाही.

पुढे एका सीमेवर मात्र ती दिसली. पोलीस डब्यात चढले. माझा व्हिसा पाहून त्यांनी हसून पासपोर्ट परत दिला. समोरच्या तरुणाची कागदपत्रे अपुरी निघाली. त्याला उतरवण्यात आले. तासाभरापूर्वीच त्याने मला आपल्या पिशवीतले संत्रे सोलून दिले होते. उतरताना त्याने माझ्याकडे पाहिले. मी खिडकीबाहेर पाहू लागलो.

गाडी सुटल्यावर मी स्वतःला विचारले, मी त्याच्यापेक्षा चांगला माणूस होतो म्हणून पुढे गेलो का? माझा जन्म कुठे व्हावा हे मी ठरवले नव्हते. त्यानेही ठरवले नव्हते.

सेमिनरीत आम्ही कांट शिकलो होतो. आपल्या गावाबाहेर फारसा कधी न गेलेला हा तत्त्वज्ञ १७९५ मध्ये शाश्वत शांतीविषयी लिहिताना म्हणतो की, पृथ्वी गोल आहे, माणसे तिच्यावर कितीही पांगली तरी शेवटी एकमेकांच्या शेजारी येणारच. म्हणून दारी आलेल्या परक्याला शत्रू मानले न जाण्याचा हक्क आहे. हा कायम राहण्याचा हक्क नव्हे. त्याला परत पाठवता येते, पण त्यामुळे त्याचा नाश होणार नसेल तरच. कांटच्या मते ही दया नाही, हा हक्क आहे.

बुडापेस्टला केलेटी स्थानकावर उतरलो तेव्हा हे पुन्हा आठवले. सप्टेंबर २०१५ मध्ये इथे हजारो निर्वासित अडकून पडले होते. अखेर अनेक जण पायीच ऑस्ट्रियाकडे निघाले. त्याच दिवसांत म्युनिक स्थानकावर सामान्य लोक अन्न, पाणी आणि मुलांसाठी खेळणी घेऊन त्यांच्या स्वागताला उभे होते. ज्या मार्गाने मी आरामात आलो, त्याच मार्गावरची ही दोन स्थानके.

घराला दार असते, तशी देशालाही सीमा लागते. त्या पोलिसांनी त्यांचे काम केले. मी त्या तरुणाला सोडवू शकलो नसतो. पण त्याच्या नजरेला नजर देण्यास मला कोणत्या कायद्याने अडवले होते? शेवटच्या न्यायाच्या दिवशी प्रभू परक्याबद्दल विचारणार आहे, हे मी व्यासपीठावरून किती वेळा सांगितले आहे!

त्याचे नाव विचारायचे राहून गेले. मिस्सेत त्याच्यासाठी प्रार्थना करताना मी ‘संत्रे देणारा’ एवढेच म्हणतो. देवाला तो कोण ते कळते. तुमच्यासमोर जो बसला असेल, त्याचे नाव तुम्ही तरी विचारा.

तुमचा धर्मगुरू