हाचिरोकु आणि नागसेनांचा रथ

जानेवारी २०२३ मध्ये टोयोटाने टोकियो ऑटो सलॉनमध्ये दोन म्हाताऱ्या गाड्या मांडल्या. पहिलीचं, म्हणजे लेविनचं, पेट्रोल इंजिन काढून तिथे विजेची मोटर बसवली होती. दुसरीच्या, म्हणजे ट्रुएनोच्या, मागच्या भागात हायड्रोजनच्या टाक्या होत्या. तिचं इंजिन जुनंच, फक्त पेट्रोलऐवजी हायड्रोजन जाळणारं. मूळच्या दोन्ही गाड्या १९८०च्या दशकातल्या एई८६. या सांकेतिक नावातला ‘ए’ इंजिनाच्या मालिकेचा आणि ‘ई’ कोरोलाचा. मग जिचं इंजिनच गेलं, ती लेविन एई८६ उरली का?

हा प्रश्न गॅरेजपेक्षा जुना आहे. यवन राजा मिलिंद, म्हणजे इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला मिनँडर, रथातून नागसेन भिक्षूंकडे आला. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात नागसेन त्याला विचारतात: यातला रथ कोणता? आस? चाकं? जू? राजा एकेकाला नाही म्हणत जातो आणि शेवटी मान्य करतो, की हे सगळे भाग एकत्र आले म्हणून ‘रथ’ हे नाव चालतं. त्यापलीकडे रथ नावाची वस्तू नाही. न्यायदर्शन मानणाऱ्या नैयायिकांना हे अमान्य. त्यांच्या मते अवयवांहून वेगळा अवयवी खरोखरच असतो. पण अवयव बदलला की जुना अवयवी नष्ट होऊन नवा जन्मतो, असंही वैशेषिकांसह ते मानतात. म्हणजे ब्रेकचं कॅलिपर बदललं की गॅरेजमधून नवीच गाडी बाहेर! आपलं आरटीओ अधिक व्यवहारी: नव्या इंजिनाची आरसीवर नोंद करून घ्या, गाडी तीच.

एई८६ला हा प्रश्न विशेष बोचतो. १९८३ साली कोरोलाच्या सेडान पुढच्या चाकांच्या चालीवर गेल्या. या कूपे मात्र मागच्या चाकांवरच राहिल्या. १,५८७ सीसीचं सोळा व्हॉल्व्हचं ४ए-जीई इंजिन, टनाच्या आतलं वजन, मागे जुन्या पद्धतीचा अखंड आस. घाटातल्या वळणावर मागची बाजू मुद्दाम घसरवायला ही गाडी फार सोयीची, आणि शर्यतपटू केइची त्सुचिया यांनी त्या घसरण्याची कला केली. १९८७ मध्ये उत्पादन थांबलं. १९९५ पासून शुइची शिगेनो यांच्या ‘इनिशियल डी’ या मांगा चित्रकथेने टोफू पोहोचवणारी पांढरी-काळी ट्रुएनो घरोघरी नेली. जपानी लोक तिला ‘हाचिरोकु’, आठ-सहा, म्हणतात. त्या कथेत तिचं इंजिन फुटतं आणि जागी शर्यतीचं नवं येतं. तरी ती हाचिरोकुच राहते; कुणा वाचकाला ती दुसरी गाडी वाटत नाही.

याचं उत्तरही नागसेनांकडेच आहे. रात्रभर जळणाऱ्या दिव्याची पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत एकच नव्हे, आणि वेगळ्याही नव्हेत; सलग जळणं मात्र एक. २०२१ मध्ये टोयोटाने एई८६चे काही सुटे भाग पुन्हा बनवायचं जाहीर केलं, २०२५ मध्ये इंजिनाच्या ब्लॉक आणि हेडचीही घोषणा केली. एकेक भाग बदलत चाललेली गाडी या कसोटीला उतरते.

पण सलगताच तुटली तर? इसेचं शिंतो मंदिर दर वीस वर्षांनी शेजारच्या जागेवर नवं बांधतात. २०१३ मध्ये हे बासष्टाव्यांदा झालं. पंधराव्या-सोळाव्या शतकांतल्या यादवीत ही प्रथा शंभराहून अधिक वर्षं खंडित होती. तरी जपान्यांच्या लेखी मंदिर तेच, कारण ते पुन्हा उभं राहिलं ते जुन्याच आराखड्यावर.

टोयोटाने २०१२ मध्ये ‘८६’ नावाची नवी गाडी आणली, तिथे हा आधारही मिळत नाही. सिलिंडरचा व्यास आणि दट्ट्याची धाव, दोन्ही ८६ मिलिमीटर, इतका नावाचा सोस! पण आडवं बॉक्सर इंजिन सुबारूचं, आराखडा नवा, आणि गाडी बनली गुन्मा प्रांतातल्या सुबारूच्याच कारखान्यात. ‘इनिशियल डी’चे काही घाटही गुन्मातलेच, हा योगायोग गोड आहे; पुरावा म्हणून तो चालणार नाही. ही गाडी हाचिरोकुची नावबहीण. विजेवरची लेविन मात्र, तिच्या नावातला ‘ए’ खोटा ठरला तरी, सलगतेमुळे हाचिरोकुच.