पावती हवी की नको?

गेल्या हिवाळ्यात आमच्या न्हाणीघरातील नळाची जोडणी फुटली. बोलावलेला इन्स्टलाटोर मोठा कसबी निघाला. तास-दीड तासात काम उरकून त्याने हात पुसले आणि सहज विचारले, "काब्बाला हवी की नको?" नको असेल तर १००० शेकेल, हवी असेल तर ११८०. वरचे १८० म्हणजे मआम. १ जानेवारी २०२५ पासून हा कर १७ टक्क्यांवरून १८ टक्के झाला आहे. मी क्षणभर घुटमळलो आणि दोनशेच्या पाच नोटा त्याच्या हातावर ठेवल्या. तो गेल्यावर बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "आपले आजे-पणजे घाण्याचे तेल विकत. मापात खोट केली असे कुणी म्हटले असते, तर त्यांच्या घशाखाली घास उतरला नसता. आणि तुम्ही?"

मी उत्तर दिले नाही, पण त्या रात्री झोप नीट लागली नाही.

वाचकहो, अशा वेळी मन किती वकिली करते, हे आपण सर्वच जाणतो. सरकार काय थोडे घेते? माझ्या १८० शेकेलांनी खजिना का रिता होणार आहे? शिवाय कर भरायचा होता तो त्या कारागिराने, मी तर केवळ खरेदीदार! ही सर्व उत्तरे मी स्वतःला दिली, आणि एकही टिकेना. शनिवार तेली म्हणून कोकणात ओळखले जाणारे आपले पूर्वज माप भरीत तेव्हा गिऱ्हाईक समोर उभे असे. खोट केली असती तर ज्याचे नुकसान झाले त्याचे तोंड दिसले असते. करचुकवेगिरीत ते तोंड दिसत नाही. इस्पितळातला रोगी, शाळेतले मूल, सरहद्दीवरचा शिपाई, यांच्यात ते नुकसान इतके बारीक वाटले जाते की चोरी केल्यासारखे वाटतच नाही. पण वाटले जात नाही म्हणून चोरी नसते काय?

आपल्या धर्मशास्त्राने याचा विचार फार पूर्वी केला आहे. ज्या देशात राहतो त्या राज्याचा कायदा ज्यूंवरही बंधनकारक आहे, हे तत्त्व तिसऱ्या शतकात बाबिलोनियातील शमुवेल या पंडिताने सांगितले. रामबाम पुढे आणखी स्पष्ट करतो. राजाने ठराविक कर लावला असेल आणि वसूल करणारा माणूस पदरचे काही वाढवीत नसेल, तर तो कर चुकवणे म्हणजे चोरीच होय. मात्र मनाला येईल तेवढे घेणारा वसुलदार हा स्वतःच लुटारू. म्हणजे नागरिकाच्या कर्तव्याला एक अट जोडलेली आहे. किती द्यायचे ते ठरलेले आणि ठाऊक असले पाहिजे. तोरात सांगितलेला अर्धा शेकेल असाच होता. श्रीमंताने अधिक द्यायचा नाही, गरिबाने कमी द्यायचा नाही. तो समजायला हिशेबनीस लागत नव्हता.

आजच्या कराबद्दल असे म्हणता येईल काय? बाजारातील ताज्या भेंडी-वांग्यांवर मआम नाही, पण त्यांच्यावर प्रक्रिया केली की तो लागतो. एलातमध्ये १९८५ च्या कायद्यापासून मआम नाही, म्हणून लोक सुटीला जातात आणि खरेदीही उरकून येतात. काही दूरच्या व सरहद्दीवरच्या गावांच्या रहिवाशांना आयकरात सूट आहे. म्हणून राहायचे एकीकडे आणि पत्ता द्यायचा दुसरीकडे, असेही प्रकार घडतात. आयकरात प्रत्येकाला सवलतीचे गुण मिळतात. २०२४ साली एका गुणाची किंमत महिना २४२ शेकेल होती. स्त्रियांना, लहान मुलांच्या आईबापांना, नव्या ओलीमना ते अधिक मिळतात. वर्षाच्या मध्ये नोकरी बदलली किंवा सुटली, तर पगारातून जास्त कापलेला कर परत मागता येतो, आणि तोही मागच्या सहा वर्षांपर्यंतचा. पण कारखान्यात राबणाऱ्या आपल्या किती माणसांनी तो मागितला? ज्याच्याजवळ हिशेबनीस आहे त्याला कायद्यातील प्रत्येक फट माहीत असते. ज्याच्याजवळ तो नाही, तो देणे नसलेलेही देऊन मोकळा होतो.

कर माणसाचे वागणे बदलतो, हे काही नवे नाही. इंग्लंडात १६९६ साली खिडक्यांवर कर बसला, तेव्हा लोकांनी विटा लावून खिडक्या बुजवल्या. तो कर १८५१ साली उठेपर्यंत कित्येक घरांनी अंधार पत्करला. गुंतागुंतीच्या कायद्याने मनाचेही असेच होते. "माझे देणे किती?" हा प्रश्न माणूस विसरतो आणि "यातून वाट कुठे आहे?" एवढेच विचारू लागतो. कर्तव्याचे कोडे बनते, आणि कोडे सोडवणाऱ्याला आपण हुशार म्हणतो.

तरीही गुंतागुंत ही नुसती सरकारची लबाडी आहे असे म्हणणे न्यायाचे होणार नाही. यातल्या बऱ्याच सवलतींच्या मागे कुणाची तरी गरज उभी आहे. कुठे आई, कुठे अपंग, कुठे नवा ओले. सगळा कर अर्ध्या शेकेलसारखा सरसकट असता, तर तो सोपा झाला असता, पण गरिबाच्या मानेवर बसला असता. सोपेपणा आणि न्याय हे नेहमी हातात हात घालून चालत नाहीत. म्हणून कायदा किचकट आहे एवढ्यावरून मला १८० शेकेल ठेवून घेण्याचा अधिकार मिळत नाही. शिवाय माझे देणे किचकट नव्हतेच. ते एका वाक्यात सांगितले गेले होते.

आता दुसरी बाजू. असा प्रसंगच येऊ नये म्हणून सरकारने रोख पैशांवर मर्यादा घातली आहे. १ जानेवारी २०१९ पासून रोखीचा कायदा लागू झाला, आणि १ ऑगस्ट २०२२ पासून व्यापाऱ्याशी ६००० शेकेलपेक्षा मोठा व्यवहार पूर्णपणे रोखीने करता येत नाही. तरुण मंडळी तर २०१७ पासून बिटवरच पैसे पाठवतात. माझ्या नातवाच्या खिशात नाणे सापडणे कठीण. भारतात ८ नोव्हेंबर २०१६ रोजी पाचशे व हजारच्या नोटा एका रात्रीत रद्द झाल्या. काळा पैसा नोटांत दडला आहे असे सांगण्यात आले, पण ९९ टक्क्यांहून अधिक रद्द नोटा बँकांत परत आल्या. काळा पैसा केवळ नोटांत नसतो, हे त्यातून दिसले. मात्र त्यानंतर ठाण्या-मुंबईतला भाजीवालाही मोबाइलवर पैसे घेऊ लागला.

फोनवरच्या पैशाची नोंद राहते. त्यामुळे लबाडी अवघड होते आणि प्रामाणिक दुकानदाराचे भले होते, हे मान्य. पण कपाटाला कुलूप असल्यामुळे ज्याने चोरी केली नाही, त्याला आपण सज्जन म्हणतो काय? आपले रब्बी म्हणतील, कुंपण घालावेच, दुबळ्या मनाला त्याचा आधार असतो. खरे आहे. पण कुंपण शेताभोवती असते, शेताच्या जागी नसते. आत सचोटीचे पीकच नसेल, तर कुंपण कशाचे राखण करणार?

याहून मोठी शंका मला मिश्नातील शेकालीम हा भाग आठवून येते. बेत हामिकदाशच्या खजिन्यातून पैसे काढायला जाणाऱ्या माणसाने दुमड असलेला अंगरखा किंवा पायताण घालून आत जायचे नाही, असा तेथे नियम होता. उद्या तो श्रीमंत झाला तर लोकांनी म्हणू नये की याने खजिन्यातून नेले. त्याच भागात दुसऱ्या एका दालनाचे वर्णन आहे. तेथे पापभीरू माणसे गुपचूप पैसे ठेवीत, आणि चांगल्या घरातले पण गरिबी आलेले लोक ते गुपचूप नेत. देणारा कोण, घेणारा कोण, कुणालाच कळत नसे. म्हणजे सार्वजनिक पैसा उघड आणि गरजवंताची लाज झाकलेली, अशी ती व्यवस्था होती.

आज आपण नेमके उलट करीत नाही ना? नागरिकाच्या अंगरख्याची प्रत्येक दुमड उकलून पाहता येते. त्याने कोणते औषध घेतले, कुणाला किती त्सेदाका दिली, सारे कुठेतरी नोंदलेले असते. आणि राज्याचा जमाखर्च मात्र इतका अवघड की तो सामान्य माणसाला वाचता येत नाही. शेजारच्या विधवेच्या हातात बंद पाकीट ठेवण्यात जे सौजन्य आहे, ते फोनवर तिच्या नावापुढे रक्कम टाकून कसे यावे? आणि ज्या वृद्धांना फोन वापरता येत नाही, त्यांनी स्वतःच्याच पैशासाठी कितीदा नातवंडांच्या तोंडाकडे पाहावे?

म्हणून मला वाटते, आपण दोन गोष्टी एकदम मागाव्यात. राज्याकडून असा कायदा मागावा, जो कामगाराला हिशेबनिसाशिवाय समजेल, आणि थोडी जागा मागावी, जेथे माणूस कुणाच्या नजरेविना दान करू शकेल. पण ही जागा मागणाऱ्याने ती चोरीसाठी वापरू नये. माझ्यासारखे लोक पाच नोटा पुढे करतात, म्हणून तर रोखीवर बंधने येतात, आणि ती विधवेच्या पाकिटालाही लागतात.

दुसऱ्या दिवशी मी त्या इन्स्टलाटोरला फोन केला आणि पावती हवी आहे, राहिलेले १८० देतो, असे सांगितले. तो आधी हसला, मग जरा रागावला. त्याला वाटले मी त्याला अडचणीत आणतो आहे. पाच मिनिटे समजूत घालावी लागली. आठवड्याने पावती आली. ती मी बायकोला दाखवली. तिने चष्मा लावून ती वाचली, घडी घालून बिलांच्या डब्यात ठेवली आणि म्हणाली, "चला, चहा घ्या."