‘मूळचे कोण?’

सातपुड्याच्या पायथ्याशी, यावल-रावेर-चोपडा पट्ट्यात तडवी भिलांची वस्ती आहे. जमात भिल, धर्म इस्लाम. त्यांच्या पूर्वजांनी औरंगजेबाच्या काळात इस्लाम स्वीकारला असं सांगतात. १८८० च्या खानदेश गॅझेटियरमध्येही मुसलमान भिल म्हणून त्यांची नोंद आहे. तरी आजही जळगावात एखाद्या तडव्याशी नवी ओळख झाली, की प्रश्न येतोच, ‘म्हणजे तुम्ही मूळचे कोण?’

विचारणाऱ्याच्या मनात वाईट नसतं. पण एक ओळख खरी आणि दुसरी वरून चढवलेली, हे त्यानं आधीच धरलेलं असतं. ज्या घरात कित्येक पिढ्या नमाज पढली गेली, तिथला इस्लाम अजून पाहुणाच कसा? आणि जमातीचं, बोलीचं, डोंगराचं नातं मशिदीत जाणाऱ्यानं सोडून द्यावं, असं तरी का?

आपल्या घटनेच्या व्यवस्थेत या माणसांना जागा आहे. अनुसूचित जातींच्या यादीला धर्माची अट आहे; आधी ती हिंदूंपुरती होती, १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. अनुसूचित जमातींच्या १९५० च्या आदेशात अशी अट नाही. महाराष्ट्राच्या यादीत तडवी भिल इतर भिलांसोबतच आहेत. त्यामुळे एकाच माणसाच्या कागदावर धर्म इस्लाम आणि जमात तडवी भिल, दोन्ही सुखानं राहतात. धर्म बदललेल्या आदिवासींना यादीतून वगळा, अशी मागणी अधूनमधून जोर धरते. मला ती अन्यायाची वाटते. बापाची नमाज की आजीची जमात, यांतलं एक खोडायला ती पोराला सांगते.

धुळ्या-जळगावात १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न केलेली आंतरधर्मीय जोडपीही आहेत. त्यांच्या लेकरांना तर नातेवाईकच विचारतात, ‘तू आईकडची की बाबांकडची?’ सहावी-सातवीतल्या पोरीकडून हे उत्तर मागूच नये. मोठी झाल्यावर ती रोजे ठेवेल, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोक्यावर बसून गाणी म्हणेल, दोन्ही करेल, किंवा यातलं काहीच करणार नाही. तोवर मामा-काकूंनी तिला ईदचा शिरखुर्मा आणि आखाजीची पुरणपोळी पोटभर खाऊ घालावी, आणि ती कुठल्या घासाला जास्त खुलते हे बघत बसू नये.