न केलेला उपचार

दोन वर्षांपूर्वी, गणपती तोंडावर आले असताना, चढ चालताना छातीवर ओझे ठेवल्यासारखे वाटू लागले. थांबले की बरे वाटे. ॲसिडिटी म्हणून मी महिना काढला. शेवटी सौ.ने हट्टाने डॉक्टरांकडे नेले आणि तपासण्यांच्या पायऱ्या चढत मी अँजिओग्राफीच्या टेबलावर पोहोचलो.

हृदयाच्या एका धमनीत सुमारे ६० टक्के अरुंद जागा निघाली. ती मीही पडद्यावर पाहिली. घाबरून म्हणालो, "आलोच आहे, तर स्टेंट घालूनच टाका!" डॉक्टर म्हणाले, "ही नुसती सावली आहे. जागा किती अरुंद दिसते ते कळले. रक्त किती अडते ते अजून मोजायचे आहे."

मग त्यांनी दाब मोजणारी एक बारीक तार त्या जागेपलीकडे नेली आणि रक्तप्रवाह वाढवणारे औषध दिले. पलीकडच्या दाबाला अलीकडच्या दाबाने भागायचे, एवढेच गणित. याला एफएफआर म्हणतात. निको पैल्स आणि बर्नार्ड डी ब्रॉयन या डॉक्टरांनी १९९०च्या दशकात ही पद्धत रुजवली. आकडा ०.८० किंवा कमी आला तर स्टेंटचा विचार होतो. माझा ०.८७ आला. स्टेंट न घालता, गोळ्या लिहून मला घरी पाठवले.

पुण्याहून दादाचा फोन आला. "अरे, ६० टक्के, आणि तसाच सोडला? कसले डॉक्टर तुमचे!" त्या रात्री मलाही झोप लागली नाही. हा संयम की हलगर्जीपणा?

नंतर वाचले, की २००९ साली प्रसिद्ध झालेल्या 'फेम' अभ्यासात १००५ रुग्ण होते. केवळ चित्र पाहून स्टेंट घातलेल्यांपैकी १८.३ टक्के लोकांना वर्षभरात मृत्यू, हार्ट ॲटॅक किंवा पुन्हा उपचार यांपैकी काहीतरी भोगावे लागले. मोजून घातलेल्यांत हे प्रमाण १३.२ टक्के होते. स्टेंटही फुकट येत नाही. तो कायमचा आत राहतो, आणि रक्त पातळ करणाऱ्या औषधांबरोबर रक्तस्रावाचा धोका येतो. अर्थात हे स्थिर दुखण्याबद्दल झाले. हार्ट ॲटॅक येत असताना वाट पाहायची नसते. तेव्हा धमनी तातडीने उघडणे हेच प्राण वाचवते.

पण मला खरे अस्वस्थ केले ते दुसऱ्याच गोष्टीने. स्टेंट घातल्यावर माझे काही बरेवाईट झाले असते, तर सगळे म्हणाले असते, "डॉक्टरांनी सगळे प्रयत्न केले." न घालता झाले असते, तर तेच दोषी. म्हणजे उपचार करणे त्यांच्या दृष्टीने अधिक सुरक्षित होते. तरीही त्यांनी माझ्या भीतीवर नव्हे, माझ्या हृदयावर उपचार केला. गीतेच्या चौथ्या अध्यायात कर्म आणि अकर्म यांचा विचार आहे. लहानपणी पाठ केला, अर्थ त्या टेबलावर थोडा उमगला. न मोजता थांबणे हा आळस. मोजून, जबाबदारी घेऊन थांबणे हेही कर्मच.

उरलेले कर्म माझ्याकडे आले आहे: रोजच्या गोळ्या, रोजचे चालणे आणि प्रसादाचा एकच मोदक. आता चढावर ओझे जाणवत नाही. दादा अजून कुरकुरतो. मी त्याला म्हणतो, "दादा, तुझी काळजी खरी आहे, पण तिचा आकडा काढता येत नाही!"