उडी घेण्याआधी

पंचगंगेच्या घाटावर पाठीला डबा बांधून पोहायला शिकलेल्या प्रत्येकाला एक धडा मिळालेला असतो. बुडणाऱ्याला समोरून धरायचं नाही. तो गळ्याला मिठी मारतो आणि दोघंही तळाला जातात. मागून जायचं. त्याहून बरं म्हणजे काठावरून दोर टाकायचा, काठी पुढे करायची. आम्हाला शिकवणारे म्हातारे वस्ताद म्हणायचे, "उडी मारायला अक्कल लागत नाही रे, बाहेर यायला लागते." तेव्हा ते फार कोरडं वाटायचं. समोर माणूस गटांगळ्या खातोय आणि आपण दोर शोधायचा?

नवरात्रात अंबाबाईच्या गर्दीलगत 108 ची रुग्णवाहिका उभी दिसली की मला वस्ताद आठवतात. गाडीत एक डॉक्टर असतो आणि एक चालक, ज्याला त्यांच्यात पायलट म्हणतात. समजा, गर्दीत स्फोट झाला. किंवा स्फोटाचा आवाज नाही, पण माणसं डोळे चोळत, खोकत कोसळायला लागली. या दोघांनी काय करावं? त्यांच्या प्रशिक्षणाचं उत्तर आहे : आधी थांबा. जागा सुरक्षित आहे का पाहा, वारा कुठून येतोय ते बघा, आणि तो ज्या बाजूने येतोय तिकडेच राहा. आपल्या सगळ्यांच्या मनातलं उत्तर आहे : धावा. यातलं नैतिक उत्तर कोणतं?

थांबण्याच्या बाजूने पहिला पुरावा फार लांबचा नाही. 26 जुलै 2008 रोजी अहमदाबादमध्ये बॉम्बस्फोटांची मालिका झाली. जखमींना सिव्हिल हॉस्पिटलमध्ये आणलं जाऊ लागलं, मदतीला लोक जमले, आणि मग त्या रुग्णालयाच्या आवारातच स्फोट झाला. मारेकऱ्यांनी हिशेब कशाचा केला होता? माणूस माणसाच्या मदतीला धावतो, याचा. आपला सगळ्यात चांगला गुण त्यांनी सापळ्यातलं आमिष म्हणून वापरला. अशा वेळी आंधळेपणाने धावणं म्हणजे त्यांच्या हिशेबात आपली बेरीज करून देणं.

दुसरा पुरावा टोकियोचा. 20 मार्च 1995 रोजी ओम शिनरिक्यो या पंथाच्या लोकांनी तिथल्या भुयारी रेल्वेत सरिन हे विष सोडलं. सेंट ल्यूक या एकाच रुग्णालयात त्या दिवशी सहाशेहून अधिक माणसं आली, बरीचशी चालत किंवा मिळेल त्या गाडीने. त्यांच्या कपड्यांत विषाचा अंश होता. ते उतरवायला हवेत, खिडक्या उघडायला हव्यात, हे लक्षात येईपर्यंत उपचार करणाऱ्या कित्येकांचे डोळे अंधारायला लागले होते. रुग्णवाहिकांवरच्या शंभराहून अधिक कर्मचाऱ्यांनाही विषबाधेची लक्षणं जाणवली. वाचवणाराच रुग्ण झाला की नुकसान दुप्पट होतं : एक खाट वाढते आणि दोन हात कमी होतात.

यावर कोल्हापुरात हमखास ऐकू येईल, "आपल्याकडं कोण कशाला असलं काही करतंय?" न का करेना. पण सरिन ज्या रासायनिक कुळातलं आहे, त्या ऑरगॅनोफॉस्फरस कुळातली कीटकनाशकं आपल्या शेताच्या बांधावर आहेत. ती प्यायलेला किंवा फवारताना बाधलेला माणूस ग्रामीण महाराष्ट्रातल्या कुठल्याही मोठ्या सरकारी रुग्णालयाला नवा नाही. लहान झालेल्या बाहुल्या, तोंडाला फेस, छातीत घरघर. उपचार ॲट्रोपिन आणि पॅम. सरिनवरचे उपचारही जवळपास हेच. पाणी शुद्ध करण्यासाठी लागणारा क्लोरीन गावोगाव असतो, शीतगृहात अमोनिया असतो, पुणे-बंगळूर महामार्गावरून रसायनांचे टँकर जातात. वायू कोणी मुद्दाम सोडला की गंजलेल्या झडपेतून सुटला, हा प्रश्न पोलिसांचा आणि न्यायालयाचा. फुप्फुसाला तो फरक कळत नाही. भोपाळला 1984 च्या डिसेंबरमधल्या त्या रात्री दहशतवादी कोणी नव्हता.

म्हणजे ज्ञान आपल्याकडे आहे. मग नसतं काय? विष प्यायलेल्या माणसाचे भिजलेले कपडे अपघात विभागात कोण उतरवतं, ते पाहा. बहुतेकदा वॉर्डातले मामा किंवा मावशी. हातमोजे असले तर असले. कपडे कुठे टाकायचे, अंग कुठे धुवायचं, ते पाणी कुठे जाणार, हे त्यांना कोणी सांगितलेलं असतं का? तयारीविषयीच्या चर्चा डॉक्टरांपाशी संपतात. विष मात्र आधी मावशींच्या हाताला लागतं.

इथे मूळ प्रश्न मला उलटा दिसायला लागतो. धावावं की थांबावं, हे आपण त्या डॉक्टरला आणि पायलटला विचारतो. पण ज्याच्याकडे योग्य मुखवटा नाही, सराव नाही, बिनतारी यंत्रावर पलीकडून नीट सांगणारं कोणी नाही, त्याच्यापुढे आपण दोनच वाटा ठेवलेल्या असतात. धावला तर मरेल, थांबला तर भेकड ठरेल. मेला तर आपण त्याचा फोटो चौकात लावू, हार घालू. शौर्याचं असं कौतुक हे पुष्कळदा न दिलेल्या साधनांचं बिल असतं, आणि ते ज्याने चुकवलं त्याच्याच नावावर आपण फाडतो.

याचा अर्थ धाडसाला किंमत नाही असं नव्हे. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री मुंबईच्या कामा रुग्णालयात परिचारिका अंजली कुलथे यांच्या वॉर्डात वीस गरोदर बायका होत्या. हल्लेखोर आवारात शिरलेले त्यांनी पाहिले. त्यांनी वॉर्डाचे दरवाजे बंद केले, सगळ्यांना पॅन्ट्रीच्या लहानशा खोलीत हलवलं, दिवे मालवले. एकीला कळा सुरू झाल्या, तेव्हा भिंतीच्या आडोशाने तिला प्रसूतिगृहापर्यंत नेलं. यात उडी कुठेच नाही. आपला वॉर्ड, त्याची दारं, दिव्यांची बटणं यांची पक्की ओळख आहे, आणि भीती असतानाही शाबूत राहिलेलं डोकं आहे. पण ती समज त्यांची स्वतःची होती. पुढच्या वेळीही अशीच कोणी ड्यूटीवर असेल, यावर शहराने विसंबून राहणं हा जुगार झाला.

थांबण्याची बाजू घेताना एक गोष्ट लपवता येत नाही. थांबलेल्या पाच मिनिटांत आत कोणी मरू शकतं. नियम बरोबर असला तरी ते मरण पुसलं जात नाही, आणि बाहेर उभ्या असलेल्या माणसाला ती हाक आयुष्यभर ऐकू येईल. "तू नियमाप्रमाणे वागलास," एवढ्याने त्याचं ओझं उतरणार नाही. उतरवायचं असेल तर ते आधीच वाटून घ्यावं लागेल : ती पाच मिनिटं दोन कशी होतील, यासाठी पैसा, वेळ आणि कंटाळवाणा सराव खर्च करून. छायाचित्रापुरतं केलेलं मॉक ड्रिल तो सराव नव्हे.

हे आपल्याला जमणार नाही असं मला वाटत नाही. राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट म्हणजे इशारा आणि 43 फूट म्हणजे धोका, हे आज कोल्हापुरातलं शाळकरी पोरही सांगतं. 2019 ला पाणी 55 फुटांच्या वर गेलं, 2021 ला पुन्हा आलं, आणि ते आकडे आमच्या अंगात मुरले. बुडून शिकलो, पण शिकलो. विषारी वायूच्या बाबतीत मात्र बुडून शिकायची सवलत मिळेलच असं नाही.

वस्ताद घाटावर नेहमी एक दोर ठेवायचे. रोज संध्याकाळी तो उलगडून बघायचे, गाठी तपासायचे, पुन्हा गुंडाळायचे. आम्ही पोरं हसायचो. माझ्या आठवणीत तो दोर कधी वापरावा लागला नाही. पण त्या घाटावर आम्ही निर्धास्त पोहायचो, ते त्या दोराच्या जिवावर, हे कळायला मला बरीच वर्षं लागली.